मोठेपणी शिल्पकलेचा पहिला वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिल्पकलेच्या हौशी वर्गाबद्दल जे प्रश्न मेलवर, व्हॉट्सॲपवर आणि बऱ्याचदा वर्गाच्या दारात उभं राहून विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक नोकरी-संसार सांभाळून शनिवार-रविवार येणारे किंवा नुकतेच निवृत्त झालेले असतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळा सुटल्यापासून पेन्सिल हातात धरलेली नाही. एलिमेंटरीला कशीबशी सी ग्रेड मिळाली होती. चित्रकला येत नसेल तर शिल्पकला जमेल का?

जमेल. चित्रात खोलीचा आभास निर्माण करावा लागतो, त्यासाठी छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन शिकावं लागतं. मातीत खोली खरीच असते. नाक पुढे आहे ना, मग माती पुढे आणायची. ज्यांनी कधी रेघ ओढलेली नाही अशी माणसंही मातीत छान काम करतात.

उलट ज्यांचा चित्रकलेचा हात चांगला आहे, त्यांना एक सवय मोडावी लागते. ते समोरूनच काम करतात. समोरून चेहरा सुरेख दिसतो आणि चौरंग, म्हणजे काम ठेवायचं फिरतं टेबल, फिरवला की बाजूने डोकं चपटं निघतं. कच्चं रेखाटन पुढे उपयोगी पडतं, पण ती प्रवेशाची अट नाही.

२. माझं वय ६४ आहे, बोटांचे सांधे दुखतात. मिस्टरांना दम्याचा त्रास आहे. आम्ही दोघांनी यावं का?

या. मातीकामाला ताकद कमी आणि सातत्य जास्त लागतं. सांधे दुखत असतील तर दोन गोष्टी सांभाळा. माती मळायचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, त्यात खरा जोर लागतो. आणि ऑइल क्ले, म्हणजे तेल-मेणाची माती, टाळा, ती थंडीत फार कडक होते. काम छातीच्या उंचीवर ठेवलं तर मान आणि मनगट दोन्ही वाचतात, म्हणून उंची कमी-जास्त होणारा स्टँड मागून घ्या.

दम्याच्या बाबतीत ओली माती त्रास देत नाही, वाळलेल्या मातीची धूळ देते. त्यात सिलिका असते. जिथे फरशी कोरड्या झाडूने झाडतात, तिथे जाऊ नका. फरशी ओल्या फडक्याने पुसणारा वर्ग शोधा. वाळलेल्या कामाला पॉलिश पेपर घासणं आणि प्लास्टर कालवणं ही दोन कामं मिस्टरांनी करू नयेत. बाकी डॉक्टर सांगतील ते आधी.

३. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नक्की काय करून घेतात? नुसते गोळेच करायला लावतात असं ऐकलं आहे.

खरं आहे, आणि ते मन लावून करा. सुरुवात गोल, घन आणि दंडगोल यांनी होते. घन सगळ्यांत अवघड जातो. सहा बाजू सपाट, कडा सरळ आणि कोपरे काटकोनात येईपर्यंत दोन वर्ग सहज जातात. त्यातून हाताला सपाटी कळते, आणि पुढे कपाळ, गालाचं हाड, हनुवटी हे सगळं आधी सपाट्यांमध्येच बसवायचं असतं.

त्यानंतर फळ, पान, शंख अशी एखादी वस्तू समोर ठेवून तिची प्रतिकृती करतात. मग प्लास्टरचे नमुने येतात: डोळा, नाक, ओठ, कान. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. प्लास्टरच्या नमुन्यांवरून अभ्यास करायची जी शिस्त तिथे रुजली, तीच लहान प्रमाणात हौशी वर्गांतही चालते. कान एकदा मनापासून करून पाहा. आयुष्यभर पाहिलेल्या कानाच्या आतली वळणं आपल्याला ठाऊकच नसतात, हे तेव्हा समजतं.

पुढची पायरी उठावशिल्पाची आणि त्यानंतर त्रिमित डोकं.

हात कसा चालवायचा तेही याच काळात ठरतं. माती लहान लहान गोळ्यांनी चढवायची, अंगठ्याने दाबून बसवायची, आणि जास्त झालेली तारेच्या कोरणीने काढायची. नवखा माणूस काय करतो? बोट पाण्यात बुडवतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत करत बसतो. काम चकाकतं पण आकार विरघळून जातो. पहिले काही महिने पाण्याचं भांडं हातापासून लांबच ठेवा. गुळगुळीतपणा शेवटच्या तासाचं काम आहे.

आणि दर थोड्या वेळाने चौरंग फिरवा. समोर, पाव फेरी, बाजू, पाठ. प्रत्येक ठिकाणी फक्त कडेची रेघ पाहा. ती चुकली असेल तर आतला तपशील कितीही चांगला केला तरी उपयोग नाही. मध्ये मध्ये उठून चार पावलं मागे जाऊन बघा.

या काळात केलेलं बहुतेक काम मोडून परत मातीच्या बादलीत जातं. घरी काय न्यायला मिळेल, असा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. माझं प्रामाणिक मत असं की पहिले दोन महिने काहीच नेऊ नका. काम जपायचं ठरवलं की माणूस चुकीचा भाग कापायला घाबरतो, आणि तो कापायला शिकणं हाच या महिन्यांचा अभ्यास आहे. आठवण हवी असेल तर मोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

४. शाडू, लाल माती की ऑइल क्ले? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळं सांगतो.

शाडू पांढरट-करडा, अतिशय बारीक कणांचा. पेणपासून कोल्हापूरपर्यंत गणपतीच्या कारखान्यांत ही माती वापरतात, आणि ती बरीचशी गुजरातेतून येते. स्वस्त, हाताला मऊ, बारीक नक्षी छान घेते. वाळल्यावर मात्र ठिसूळ असते आणि पाण्यात टाकली की विरघळते. वर्गात पुन्हापुन्हा मळून वापरायला उत्तम.

भाजायच्या कामासाठी लाल टेराकोटा माती. तिच्यात भाजलेल्या मातीची भुकटी, म्हणजे ग्रॉग, मिसळलेली असेल तर तडे कमी जातात आणि मोठं काम उभं राहतं. स्पर्शाला जरा खरखरीत लागते.

ऑइल क्ले तेल आणि मेणाची असते, वाळत नाही. महाग, पण एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते. रोज अर्धाच तास मिळतो अशा माणसाला ती सोयीची, कारण काम ओलं ठेवायची काळजी नाही. ती भाजता येत नाही.

सुरुवातीला शाडू किंवा लाल माती घ्या. ओली माती सैल होते, घट्ट होते, वाळते, आणि हे सगळं हाताला ओळखता यायला हवं. मळलेली माती चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट असावी. बोट दाबल्यावर ठसा उठावा, पण माती बोटाला चिकटू नये.

५. हे म्हणजे पॉटरीच ना? चाक शिकवतील का?

नाही. पॉटरीत चाकावर किंवा वळ्यांनी भांडी घडवतात आणि ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप), भट्टी हा त्यातला मोठा भाग असतो. शिल्पकलेच्या वर्गातलं चाक म्हणजे फक्त काम फिरवायचा चौरंग, टर्नटेबल. भांडी करायची ओढ असेल तर पॉटरी स्टुडिओच शोधा, इथे निराशा होईल.

६. कोणती अवजारं विकत आणू?

पहिल्या दिवशी काहीच नको. पुढे लाकडी कोरण्या दोन-तीन, तारेच्या लूपची कोरणी एक मोठी आणि एक बारीक, माती कापायची तार, पाण्याची स्प्रे बाटली, जुनं सुती फडकं आणि मापाचा कंपास. कंपास चांगला घ्या, व्यक्तिशिल्पात तो सतत हातात असतो. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा माती खरवडून सपाट्या काढायला फार कामाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या मोठ्या संचातली निम्मी अवजारं पडून राहतात. आमच्याकडचे जुने विद्यार्थी बांबूच्या कोरण्या स्वतः तासून करतात, आणि त्या हाताला जास्त बसतात.

७. फीमध्ये काय काय धरलेलं असतं? नंतर खर्च वाढतो का?

वाढतो, आणि तो मातीवर नव्हे तर साच्यावर आणि ओतकामावर वाढतो. म्हणून प्रवेश घेतानाच स्पष्ट विचारा: माती फीत आहे का? आर्मेचरचं, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्याचं (प्र. ९), सामान कोण देणार? भट्टीचे पैसे वेगळे आहेत का, आणि ते वजनावर आहेत की आकारमानावर? प्लास्टर कास्टिंग शिकवतात की करून देऊन बिल लावतात? काम अर्धवट असताना ठेवायला फडताळ मिळेल का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण लोकलमधून ओलं डोकं मांडीवर घेऊन प्रवास करायचा नसेल तर तो आधी विचारा.

८. चांगला वर्ग ओळखायचा कसा? आर्ट कॉलेजला प्रवेश घ्यावा का?

आर्ट कॉलेजचा शिल्पकला अभ्यासक्रम पूर्णवेळ असतो आणि व्यवसाय म्हणून शिकणाऱ्यांसाठी असतो. छंदासाठी त्याची गरज नाही. त्या कॉलेजांतून शिकलेले शिल्पकार स्वतःच्या स्टुडिओत शनिवार-रविवार शिकवतात, ते शोधा.

वर्ग सुरू असताना एकदा जाऊन बसा. शिकवणारे विद्यार्थ्याच्या कामाला हात लावून स्वतःच ते दुरुस्त करतात, की चूक दाखवून विद्यार्थ्याला करायला लावतात, ते पाहा. पहिल्या प्रकारात तुमचं शिल्प लवकर देखणं होईल आणि तुम्हाला काही येणार नाही. दुसरं, चौरंगांभोवती फिरायला जागा आहे का ते बघा. टेबलं भिंतीला टेकलेली असतील तर सगळे समोरूनच काम करणार. तिसरं, एका शिक्षकामागे माणसं किती. बारांहून जास्त असतील तर तुमची पाळी क्वचित येईल.

९. आर्मेचर म्हणजे काय? प्रत्येक कामाला लागतं का?

आर्मेचर म्हणजे मातीच्या आतला सांगाडा. मूठभर आकाराच्या कामाला लागत नाही. डोकं, उभी आकृती, पसरलेला हात यांना लागतं, कारण ओली माती स्वतःच्या वजनाने खचते. डोक्यासाठी जाड फळीवर उभा पाइप किंवा लाकडी दांडा, वर ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे दोन वळसे, आणि त्यांत तारेने लोंबकळत सोडलेले लाकडी पट्ट्यांचे छोटे क्रॉस, ज्यांना ‘बटरफ्लाय’ म्हणतात. ते माती धरून ठेवतात. लाकडाला सुतळी गुंडाळली की माती घसरत नाही.

पाइप मानेच्या रेषेत बसवा. मान सरळ उभी नसते, ती पाठीकडून पुढे झुकलेली असते. इथे आळस केला की महिनाभराने पाइप गळ्यातून बाहेर डोकावतो. सांगाड्यावरचं काम वाळवायचं किंवा भाजायचं नसतं. ते का, हे प्र. ११ आणि १३ मध्ये आहे.

१०. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांचा एक फोटो आहे, त्यावरून त्यांचा चेहरा करायचा आहे. किती दिवसांत जमेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज ऐकून लगेच ‘हो’ म्हणावंसं वाटतं. तरीही माझं सांगणं असं: वडिलांचा चेहरा पहिल्या वर्षी करायला घेऊ नका. आधी दोन-तीन जिवंत डोकी करा. भाऊ, बायको, शेजारी, जो तासभर बसेल तो. समोर बसलेल्या माणसाभोवती तुम्ही फिरू शकता, फोटोभोवती नाही.

तोवर फोटो गोळा करा. एक समोरचा पासपोर्ट फोटो पुरत नाही, त्यात उजेड सपाट असतो आणि बाजू दिसत नाही. लग्नाचे, मुंजीचे अल्बम काढा. कुणाच्या तरी मागे उभे असताना, पंगतीत वाढताना, हसताना असे बाजूने टिपलेले फोटो तिथेच सापडतात. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो फोटो हावभावासाठी वापरा, मापासाठी नको. भावंडांत कुणाचं कपाळ किंवा जबडा वडिलांसारखा असेल तर त्यांना बसवून माप घ्या, याचा फार उपयोग होतो.

आता मातीकडे. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येते. जवळजवळ प्रत्येक नवखा ती वर नेतो, कारण आपलं लक्ष चेहऱ्यावर असतं आणि केसांखालची कवटी आपण मोजतच नाही. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर. कान भुवईच्या आणि नाकाच्या बुडाच्या रेषांमध्ये, आणि बाजूने पाहिलं तर डोक्याच्या मध्याच्या थोडा मागे. ही ठोकळ मापं झाली. त्यांपासून वडिलांचा चेहरा जिथे वेगळा जातो, तिथे त्यांचं साम्य आहे.

साम्य डोळ्यांत असतं असं समजून लोक पहिल्याच दिवशी पापण्या कोरायला लागतात. ओळखीचा माणूस रस्त्यात पाठमोरा चालला तरी आपण ओळखतो. मानेचा कल, खांद्यांची ठेवण, कवटीचा आकार यांवरून ओळखतो. म्हणून आधी मान आणि कवटीचा ढोबळ आकार जमवा. मग कपाळ, गालाची हाडं, जबडा. डोळे, ओठ सर्वांत शेवटी. कंपासाने तीन मापं सतत तपासा: गालफडांची रुंदी, भुवईपासून हनुवटीपर्यंतची उंची, आणि कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर. तिसरं माप बहुतेकांचं कमी पडतं आणि चेहरा दाबल्यासारखा दिसतो.

वडील टोपी घालत असतील तर आधी पूर्ण कवटी करा आणि मगच टोपी चढवा, नाहीतर ती हवेत बसते. मिशी आधी एकसंध आकार म्हणून बसवा, केस ओरखडत बसू नका. चष्मा मातीत करू नका. तो फारच ओळखीचा भाग असेल तर शेवटी तारेचा करून बसवता येतो.

आकार एक तर पूर्ण घ्या, किंवा सरळ निम्मा. खऱ्यापेक्षा किंचित लहान डोकं बघणाऱ्याला आक्रसल्यासारखं वाटतं. दिवसांचं गणित मात्र देता येणार नाही. काम करताना मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, ओलं फडकं गुंडाळून ठेवा. ते थांबून राहतं.

११. घरी नेलेल्या कामाला तडे गेले. माती खराब होती का?

बहुधा नाही. तीन कारणं तपासा.

पहिलं, काम एकसारखं वाळलं नाही. बारीक बोटं आधी वाळली आणि जाड धड ओलं राहिलं. माती वाळताना आकसते, त्यामुळे दोन्हींच्या सीमेवर तडा जातो. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. प्लास्टिक सैल गुंडाळा, रोज थोडं उघडा, आणि बारीक भागांवर ओलसर कापड ठेवा. पावसाळ्यात कोकणात काम वाळायला फार दिवस लागतात, तर विदर्भात मे महिन्यात ते एका दुपारीत तडकतं.

दुसरं, सांधा नीट झाला नाही. जोडायच्या दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा ओरखडा, पातळ मातीचा घोळ लावा, दाबून किंचित सरकवत बसवा. एक भाग ओला आणि दुसरा सुका असेल तर सांधा धरत नाही.

तिसरं, आत आर्मेचर आहे. माती आकसते, लोखंड आकसत नाही, म्हणून तडा जाणारच. असं काम ओलं असतानाच साचा घेऊन उतरवायचं असतं, प्र. १४ पाहा.

वाळलेल्या कामातला तडा ओल्या मातीने भरू नका, ती वाळून पुन्हा सुटते. त्याच मातीची वाळलेली पूड व्हिनेगरमध्ये कालवून भरली तर बरी धरते.

१२. टू बीएचके फ्लॅट आहे. घरी सराव करता येईल का?

येईल. गॅलरीचा कोपरा आणि दोन फूट चौरसाची जाड प्लायवूडची फळी पुरे. प्रकाश एका बाजूने येऊ द्या, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उंचसखल कळत नाही.

मातीचे हात बेसिनमध्ये धुऊ नका, पाइप तुंबतो. बादलीत हात धुवा, रात्रभर गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि गाळ परत मातीत. काम झाकताना आधी ओलं, घट्ट पिळलेलं सुती कापड, वरून प्लास्टिक. मातीवर बुरशीचे ठिपके आले, वास आला तरी घाबरू नका. ओल्या मातीत ते होतंच, तेवढा थर खरवडून टाका.

१३. शाडूची मूर्ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करता येईल का?

नाही. घरच्या ओव्हनमध्ये माती फक्त वाळते. ती पक्की व्हायला टेराकोटाची भट्टी साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. शाडू त्यासाठी वापरत नाहीत. काम भाजायचं ठरलं असेल तर पहिल्या दिवसापासून लाल माती घ्या आणि आत तार, लाकूड काहीही ठेवू नका.

भाजायचं काम पोकळ करावं लागतं. ते घट्ट झालं पण अजून गार लागतंय, अशा अवस्थेत तारेने दोन भाग कापायचे, आतून कोरून भिंती दीड-दोन सेंटिमीटरच्या ठेवायच्या, पुन्हा जोडायचे आणि तळाला भोक ठेवायचं. भट्टीत काम फुटतं ते बहुधा आत उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे.

१४. पीओपीमध्ये कास्टिंग स्वतः करू का? व्हिडिओत सोपं दिसतं.

पहिली दोन कास्टिंग वर्गातच करा. पद्धत अशी: ओल्या मातीच्या डोक्यावर पातळ पत्र्याच्या पट्ट्या एका रेषेत टोचून दोन भाग पाडतात. रंग मिसळलेल्या प्लास्टरचा पहिला पातळ थर, त्यावर पांढरे जाड थर आणि काथ्या. साचा उघडून माती काढतात, आत साबणाचं पाणी किंवा तेल लावतात, भाग बांधून नवं प्लास्टर ओततात. ते पक्कं झाल्यावर बाहेरचा साचा छिन्नीने फोडतात. रंगीत थर दिसला की आता मूर्ती जवळ आली, हात हलका करायचा. साचा वाया जातो म्हणून त्याला वेस्ट मोल्ड म्हणतात, आणि त्यातून एकच प्रत निघते.

प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही. थोडं भिजू द्यायचं, मग ढवळायचं. चमच्यावर थर धरेल इतकं दाट झालं की लगेच वापरायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घट्ट होताना प्लास्टर तापतं, आणि मोठ्या गोळ्यात भाजेल इतकं तापतं. स्वतःच्या हाताचा ठसा घ्यायला हात प्लास्टरच्या भांड्यात कधीही बुडवू नका. इंग्लंडमधल्या एका शाळेत २००७ साली असं करताना एका मुलीला बहुतेक बोटं गमवावी लागली. हाताच्या ठशासाठी अल्जिनेट मिळतं, ते वापरा. आणि उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये कधीच नको, ते पाइपात पक्कं होतं.

१५. मला ब्राँझमध्येच हवं आहे.

मग ते फाउंड्रीचं काम आहे. मेणाची प्रत करून, तिच्याभोवती साचा घेऊन, मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. तुमचं काम मातीपर्यंतचं. खर्च मोठा असल्यामुळे आधी प्लास्टर प्रत घरात वर्षभर ठेवा आणि तरीही ती आवडत असेल तर जा. फायबरग्लास स्वस्त पडतं, पण रेझिनची वाफ विषारी आहे. ते घरात करू नका.

१६. मातीत रस नाही, थेट दगड कोरायचा आहे. चालेल का?

चालेल, पण विचार उलटा करावा लागतो. मातीत चढवता येतं, दगडात फक्त काढता येतं. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे. शिखर आधी, तळ शेवटी. काय ठेवायचं हे आधीच दिसलं नाही तर तसं काम अशक्य. ती नजर मातीत चार-सहा महिन्यांत तयार होते.

सुरुवात बांधकामाच्या सिपोरेक्स ब्लॉकवर किंवा प्लास्टरच्या ठोकळ्यावर करा. नंतर सोपस्टोन, हा मऊ दगड असतो. आपला काळा बेसॉल्ट नवख्याच्या हाताला दाद देत नाही. चष्मा आणि एन-९५ मास्क प्रत्येक वेळी, कारण दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. सिपोरेक्सलाही हेच लागू.

१७. यंदा घरचा गणपती स्वतः करायचा आहे. वर्ग कधी सुरू करू?

निदान जूनपासून. एका दिवसाच्या कार्यशाळेत मूर्ती होते, पण तिथे बहुधा साच्यातला भाग हातात देतात. स्वतः घडवायचा असेल तर २०-२५ सेंटिमीटरची बैठी मूर्ती धरा. पोटाजवळ टेकलेली सोंड आणि अंगाला धरून असलेले हात ठेवा, सुटे हात वाळताना मोडतात. पावसाळ्यात वाळायला तीन आठवडे ठेवा आणि मगच रंग. डोळ्यांची आखणी शेवटी, सकाळच्या उजेडात.

शाडू बादलीत विरघळतो, तीच माती पुढच्या वर्षी वापरता येते. त्यासाठी ऑइलपेंट नको, पाण्यातले साधे रंग लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचनाही नैसर्गिक मातीच्या मूर्तींचाच आग्रह धरतात.

१८. माझं काम पाहून गावातल्या मंडळाने महापुरुषाचा पुतळा करायला सांगितलं आहे. घेऊ का?

सभागृहातला छोटा अर्धपुतळा असेल तर शिक्षकांना बरोबर घेऊन करा. सार्वजनिक जागी बसवायचा पुतळा ही वेगळी जबाबदारी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी शासनाची परवानगी लागते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय वारा, पाया, आतला सांगाडा यांचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. हौशी माणसाने मंडळाला नम्रपणे नाही म्हणावं.

१९. मला जवळजवळ दिसत नाही. मी शिकू शकेन का?

हो. डोळस विद्यार्थ्यांनाही आम्ही डोळे मिटून काम चाचपायला लावतो, कारण डावा-उजवा गाल कमी-जास्त असेल तर तळहाताला आधी कळतं. शिक्षकांशी आधी बोला, अवजारांची जागा ठरलेली हवी, आणि नमुने हाताळू देणारा वर्ग हवा.

२०. शिल्पं पाहायला कुठे जाऊ? फोटोंनी भागेल का?

फोटोंनी नाही भागत, फोटोत एकच बाजू असते. अलिबागजवळ सासवण्याला वि. पां. करमरकरांचं शिल्पालय आहे. घरातल्या, गावातल्या साध्या माणसांची आणि जनावरांची शिल्पं अंगणातच भेटतात. तिथली म्हैस पाठीमागून पाहा. बसलेल्या जनावराचं वजन जमिनीवर कसं टेकतं, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा ती नीट शिकवते. त्यांचाच अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा पुण्यात १९२८पासून उभा आहे.

ग. का. म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ १८९६च्या सुमारास, विद्यार्थी असताना केली. साडीच्या चुण्यांखाली शरीर कसं जाणवत राहतं ते तिच्यात पाहा. घारापुरीची सदाशिवमूर्ती पाच मीटरहून उंच आहे. सकाळच्या पहिल्या बोटीने जा, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. जाताना वही न्या आणि एकाच शिल्पापुढे अर्धा तास काढा.

२१. मी न्यू जर्सीत राहते. इथे शाडू मिळत नाही.

त्याची गरज नाही. तिथल्या सिरॅमिकच्या दुकानात पाण्यावरची कुठलीही ग्रॉग असलेली स्कल्प्चर क्ले चालेल. कम्युनिटी कॉलेज आणि आर्ट सेंटर यांत संध्याकाळचे वर्ग असतात. गणपतीसाठी तीच माती न भाजता वापरा, पाण्यात विरघळते.

२२. दोन महिने वर्ग बुडाला. काम आणि पिशवीतली माती दोन्ही दगडासारखी झाली. टाकून देऊ का?

माती टाकू नका. अर्धवट काम वाचवायचा प्रयत्न मात्र करू नका. पूर्ण वाळलेल्या कामावर पाणी मारलं की वरचा थर चिखल होतो आणि आतला कोरडाच राहतो. ते फोडा.

गोटे हातोडीने बोराएवढे करा, वर ओलं कापड टाकून फोडा म्हणजे धूळ उडणार नाही. पूर्ण वाळलेली माती अर्धवट ओल्या मातीपेक्षा लवकर भिजते, त्यामुळे ती नीट वाळली आहे ना ते बघा. बादलीत माती घालून ती बुडेल एवढं पाणी ओता आणि ढवळू नका. दोन दिवसांनी वरचं पाणी काढा, खालचा चिखल जुन्या चादरीवर पसरा. पंख्याखाली अर्धा दिवस ठेवला की मळण्याजोगा होतो. मळताना प्लास्टरचा एखादा पांढरा तुकडा दिसला तर वेचून काढा. शाडूत तो टोचत राहतो, आणि भाजायच्या मातीत राहिला तर भाजल्यानंतर काही दिवसांनी तिथलाच पापुद्रा उडतो.